विश्लेषण : विद्यार्थी मंगळासाठीचा रोव्हर कसा बांधतात? पोंभुर्ण्याच्या मुलांना त्यात वाव किती?

पोंभुर्णा : धानाच्या एका बांधीतून धुऱ्यावर चढायचे आणि पलीकडच्या बांधीत न उलटता उतरायचे. तालुक्यात ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. हेच काम ५० किलोंच्या यंत्राकडून, तेही चालकाला ते दिसत नसताना करून घ्यायचे, ही रोव्हर स्पर्धेतील पहिली पायरी. मुंबईत आयआयटीचा मार्स रोव्हर संघ आणि विलेपार्ल्याच्या द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘डीजेएस अंतरिक्ष’ हे या क्षेत्रातले ओळखीचे संघ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना असा संघ उभा करायचा असेल तर काय लागते?

स्पर्धा कोणती, नियम काय?

सर्वात मानाची मानली जाणारी ‘युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज’ ही स्पर्धा ‘मार्स सोसायटी’ २००७ पासून घेते. अंतिम फेरी अमेरिकेतील युटा राज्यात, हँक्सव्हिलजवळच्या तांबूस वाळवंटात होते. नोंदणी जगभरातून होते. पण रोव्हर प्रत्यक्ष चालतानाचा व्हिडिओ आणि अहवाल पाहून त्यातले चाळिसाच्या आतच संघ बोलावले जातात.

तिथे कामे चार. माती खणून जिवाच्या खुणा शोधणे, खडकाळ भागात अवजारे पोहोचवणे, यांत्रिक हाताने यंत्राची कळ दाबणे किंवा स्क्रू आवळणे, आणि कोणीही न चालवता ठरलेल्या ठिकाणी जाणे. शेवटच्या कामात वाळवंटात टाकलेला साधा रबरी हातोडा किंवा पाण्याची बाटलीही रोव्हरला स्वतः ओळखावी लागते. विद्यार्थी बंद तंबूत किंवा गाडीत बसतात. बाहेरचे जे काही दिसते ते कॅमेऱ्यातूनच.

प्रत्येक कामासाठी उतरवलेल्या रोव्हरचे वजन ५० किलोंपेक्षा जास्त भरले, तर जादा किलोमागे गुण कापले जातात. त्यामुळे मोठी बॅटरी हवी की मजबूत हात, हा वाद प्रत्येक संघात होतोच.

सहा चाके कशासाठी?

अनेक संघ ‘रॉकर-बोगी’ ही रचना वापरतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील डॉन बिकलर यांनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. हिच्यात स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना तरफेसारखे सांधलेले दांडे असतात. एक चाक दगडावर चढले तरी बाकीची पाच जमीन सोडत नाहीत, आणि मधला सांगाडा दोन्ही बाजूंच्या कलाची सरासरी घेऊन बेताचाच कलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेला २६ किलोंचा ‘प्रज्ञान’ याच पद्धतीने चालला.

अर्थात सहा चाकांनी सगळे भागत नाही. नासाचा ‘स्पिरिट’ २००९ मध्ये मंगळावरच्या भुसभुशीत मातीत रुतला, तो निघालाच नाही. त्याचे एक चाक आधीच बंद पडलेले होते. म्हणून महाविद्यालयाच्या सिमेंटच्या अंगणात रोव्हर फिरवून भागत नाही. त्याला वाळू, चढ आणि ओबडधोबड जमीन दाखवावी लागते. ती पोंभुर्ण्यात फुकट आहे. उन्हाळ्यात उघडे पडणारे नदीपात्र, भेगाळलेली बांधी, पावसानंतरची पांदण. मुंबईच्या संघांना अशी जागा शोधत शहराबाहेर जावे लागते.

मग अडते कुठे?

पैशावर, पण फक्त पैशावर नाही. रोव्हरच्या खर्चाला नियमानेच कमाल मर्यादा आहे. एकेकाळी ती १५ हजार डॉलर होती, पुढे वाढत गेली. एवढे पैसे ओतलेच पाहिजेत असे नाही. खरा भार पडतो तो अमेरिकेचा प्रवास, व्हिसा आणि सामानाची ने-आण यांचा.

रेडिओचीही एक अडचण आहे. स्पर्धेत ९०० मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे चालतात. टेकडीआड संपर्क टिकवायला पहिला उपयोगी. पण भारतात तो मोबाइल सेवेसाठी आहे. परवान्याशिवाय वापरता येणारा आपल्याकडचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. म्हणजे तिथे जो रेडिओ लावायचा, त्याची इथे मोकळेपणाने चाचणीच करता येत नाही.

पोंभुर्ण्यातून सुरुवात कशी?

तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालय नाही. बारावीनंतर चंद्रपूर, बल्लारपूर नाहीतर नागपूर. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे, गोंडवाना विद्यापीठ २०११ चे. नागपूरच्या व्हीएनआयटीत ‘आयव्हीलॅब्स’ ही विद्यार्थ्यांनी चालवलेली रोबोटिक्स प्रयोगशाळा आहे. एका महाविद्यालयात वीस-पंचवीस जण जमत नसतील, तर अनेक संस्थांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक संघ करायलाही स्पर्धेत वाव आहे. दोन जिल्ह्यांसाठी हाच मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

थेट युटाचे स्वप्न पाहण्याआधी जवळचे पर्यायही आहेत. ‘इंटरनॅशनल रोव्हर डिझाइन चॅलेंज’मध्ये यंत्र बांधावे लागत नाही, आराखडा आणि हिशेब मांडायचे असतात. इस्रोच्या बेंगळुरूतील यू. आर. राव उपग्रह केंद्राने २०२४ मध्ये जमिनीवर चालणाऱ्या, तर २०२५ मध्ये उपग्रहाच्या दिशादर्शनाशिवाय उडणाऱ्या यंत्रांची स्पर्धा ठेवली.

युटाला जायचेच असेल, तर वेळापत्रक आधी पाहावे. निवडीचा व्हिडिओ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास द्यावा लागतो, म्हणजे दिवाळीपर्यंत चाके फिरायला हवीत. अंतिम फेरी मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला असते. उन्हाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. त्यामुळे प्राचार्यांकडे पहिला अर्ज निधीचा नव्हे, परीक्षेच्या तारखांचा करावा लागेल.