गिअर करकरतो? आधी क्लचचा दांडा पाहा



ट्रॅक्टरचा गिअर टाकताना करकर आवाज येऊ लागला की घरात पहिला शब्द निघतो, 'गिअरबॉक्स गेला!' मग मिस्त्रीला बोलावणे जाते, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले जातात आणि ऐन वाफशात ट्रॅक्टर अंगणात उभा राहतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा घोर पुष्कळदा फुकटचा असतो. क्लचच्या पेडलपासून आत जाणाऱ्या दांड्याची लांबी तेवढी बिघडलेली असते. दोन पाने, पक्कड आणि एक फूटपट्टी एवढ्यावर ती घरी दुरुस्त होते.

पेडल दाबले की हा दांडा आडव्या शाफ्टला फिरवतो. शाफ्टवरचा काटा रिलीज बेअरिंगला सरकवतो, बेअरिंग क्लचच्या फिंगरवर दाब देते आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडलेले असताना बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडी फट हवीच. त्या फटीमुळे पेडल सुरुवातीला हलके जाते. ही मोकळी चाल; मिस्त्री तिला 'प्ले' म्हणतात. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ती पेडलपाशी २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या आसपास असते. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच खरा धरा.

प्ले जास्त झाला की पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही. गिअर करकरतो, आणि क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टर पुढेमागे सरकतो. ट्रॉलीची पिन लावायला मागे घरचेच कोणी उभे असते, हे ध्यानात घ्या. अशा ट्रॅक्टरला एक दिवससुद्धा चालढकल करू नका.

प्ले कमी झाला तर उलटे होते. नांगरटीत इंजिन ओरडते, ट्रॅक्टर ओढत नाही, जळका वास येतो. प्लेट झिजते तसतसे फिंगर बेअरिंगकडे सरकतात, म्हणून प्ले आपोआपच कमी होत जातो. त्यात ड्रायव्हरला पेडलवर पाय ठेवून बसायची सवय असेल तर बेअरिंगही लवकर जाते. पाय ठेवायला पायरी दिलेली आहे, पण ऐकतो कोण!

आता काम. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढेमागे दगड आणि किल्ली तुमच्या खिशात. प्रथम दांड्याच्या पिना हलवून पाहा. पिन झिजून भोक लांबट झाले असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर मोजमाप फसवे निघेल. शाफ्टच्या निपलला ग्रीस द्या. मग पायरीपासून पेडलपर्यंत अंतर मोजा, पेडल हाताने दाबा, जड लागताच थांबा आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हा प्ले. पायाने दाबू नका. पायाला तो हलकेपणा कळत नाही.

दांड्याचे लॉकनट सैल करा, पिन काढा आणि टोकाचा काटा एक आटा फिरवा. पिन घालून पुन्हा मोजा. काही ट्रॅक्टरांत दांडा लांब केल्याने प्ले वाढतो, काहींत कमी होतो, म्हणून एका आट्याने दिशा ओळखावी. माप जुळले की लॉकनट घट्ट आवळा आणि स्प्लिट पिन नवीच घाला. तिथे बांधायची तार घालण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. तार तुटली की पिन निसटते आणि चालत्या ट्रॅक्टरचा क्लच हातचा जातो.

पुढेमागे माणूस नाही असे पाहून चाकाखालचे दगड काढा आणि इंजिन सुरू करा. मंद वेगावर क्लच पूर्ण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स गिअर टाका. तो आवाज न करता पडला तर काम झाले.

ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरात पीटीओच्या क्लचची जुळणी आत वेगळी असते. मळणी यंत्र थांबत नसेल तर ते काम मिस्त्रीचे. तसेच दांड्याचे आटे संपले आणि तरी प्ले मिळत नसेल, तर प्लेट झिजली समजा; मग मात्र ट्रॅक्टर खोलायलाच हवा, आणि तो पेरणीआधी खोललेला बरा.