बोल्ट हलत नाही म्हणून पाईप लावू नका

घरी गाडीचं इंजिन उघडताना बहुतेक बोल्ट भराभर निघतात आणि एक हट्टी बोल्ट अख्खं काम अडवतो. अशा वेळी शेजारीपाजारी आणि गॅरेजमध्ये जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेच अर्धे खरे असतात. बोल्ट तुटून त्याचा दांडा आत राहिला तर किरकोळ कामासाठी कधी कधी हेड उतरवावं लागतं, म्हणून उरलेला अर्धा भागही माहीत असायला हवा.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे पान्ह्याला पाईप लावला की कुठलाही बोल्ट सुटतो. थर्मोस्टॅटच्या झाकणाचं उदाहरण घ्या. अनेक गाड्यांत तिथे 6 मिलिमीटर जाडीचे, 10 ची गोटी लागणारे बोल्ट असतात. असा बोल्ट आवळायला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या पान्ह्यावर जेमतेम 5 किलोचा जोर. त्याच हाताने 60 सेंटिमीटरचा पाईप धरला की जोर तिप्पट होतो आणि एवढा बारीक बोल्ट त्याआधीच तुटतो. क्रँकच्या पुलीचा जाड बोल्ट सोडवायला लांब दांडा लागतोच, तिथे तो योग्य आहे. बोल्टची जाडी पाहूनच दांड्याची लांबी ठरवायची.

मुळात बोल्ट का अडकतो, ते पाहू. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल तर आणखी एक भानगड होते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल, एवढं मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते. मालवण-रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीत हे लवकर होतं. अशी पकड सलग ओढीने सुटत नाही. आधी बोल्टच पिळवटतो. पकडीला तडा जायला धक्का, उष्णता आणि वेळ लागतो.

म्हणूनच ‘इंजिनवर हातोडा कधीच चालवू नये’ हा समजही सरसकट खरा नाही. बोल्टच्या डोक्यावर पंच सरळ धरून मारलेले चार-पाच नेमके ठोके आट्यांतला गंज फोडतात आणि तेलाला वाट करून देतात. मात्र ठोका डोक्यावरच बसला पाहिजे. बाजूचं ॲल्युमिनियम ठिसूळ असतं, ते फुटू शकतं.

तेलाबद्दलचा समज असा, की डब्ल्यूडी-40 मारला की पाच मिनिटांत बोल्ट मोकळा होतो. हे मिश्रण 1953 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये तयार झालं, ते धातूवरून पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. पुढे ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. थोडीफार मदत त्याने होते, पण गंजलेल्या आट्यांत शिरण्यासाठी खास बनवलेलं तेल वेगळं मिळतं आणि तेच घ्यावं. तेही नुसतं डोक्यावर फवारून उपयोग नाही. बंद भोकातल्या बोल्टचे आटे झाकणाच्या खाली असतात. तेल डोक्याच्या कडेने आत उतरायला हवं, म्हणून तेल, ठोके, पुन्हा तेल असं करून रात्रभर ठेवावं.

उष्णतेचं गणित अनेकांना उलटं माहीत असतं. नुसता बोल्ट तापवला तर तो फुगून आणखी घट्ट होतो, गार झाल्यावरच त्याची पकड ढिली पडते. भोवतालचा भाग तापवणं जास्त कामाचं, कारण तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि भोक सैल होतं. पण गॅसची ज्योत नको. लोखंड तापलं की लाल दिसतं, ॲल्युमिनियम मात्र वितळायला येईपर्यंत रंगाने काहीच सांगत नाही. हीट गन वापरा, त्याआधी फवारलेलं तेल नीट पुसून काढा, जवळपास पेट्रोलची नळी नाही ना ते पाहा. स्पार्क प्लगला हा नियम लावू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधला प्लग इंजिन गार असतानाच काढायचा, गरम आटे मऊ असतात आणि ओरबाडले जातात.

बारा कोनांची गोटी चटकन बसते, पण हट्टी बोल्टच्या कडा तीच गोल करते. इथे सहा कोनांचीच घ्या. फिरवायची दिशाही एकदा तपासा. बोल्ट मागून किंवा आरशात पाहून सोडवताना डावं-उजवं चुकतं आणि सुटायचा तो आवळला जातो.

आता ज्या क्षणी सगळ्यात जास्त बोल्ट तुटतात त्याबद्दल. बोल्ट थोडा हलला की सुटला, असं वाटून लोक तो सरसर फिरवायला जातात. फुटलेला गंज पुढच्या आट्यांत गोळा होतो आणि बोल्ट पुन्हा अडकतो. म्हणून पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल द्या, मग जरा जास्त सोडा. हाताला कडक प्रतिकार न लागता रबरासारखी लवचीक ओढ जाणवली, तर बोल्ट फिरत नसून पिळतो आहे. तिथेच थांबा आणि पुन्हा तेल-उष्णतेकडे वळा.

तरीही तुटलाच तर एक्स्ट्रॅक्टर घेऊन लगेच भिडू नका. तो फार कडक आणि म्हणूनच ठिसूळ असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. दांडा थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगची उष्णता पकड सोडवते आणि पान्ह्यालाही धरायला जागा मिळते.

सोमवारी सकाळी गाडी लागणार असेल, तर रविवारी संध्याकाळी अशा बोल्टला हात घालू नका. शुक्रवारी तेल सोडा आणि शनिवारी पान्हा उचला.