बजबजची रांग, कुलाब्याची सुटी

मतदानाची घसरलेली टक्केवारी हा आपल्याकडे निकालापूर्वीचे दोन दिवस रंगणारा आणि निकालानंतर विस्मरणात जाणारा विषय आहे. आयोग जनजागृतीचे फलक लावतो, नट आणि क्रिकेटपटू शाई लावलेले बोट दाखवतात, काही उपाहारगृहे त्या बोटावर सवलत देतात; आणि एवढे करूनही मुंबई-पुण्याचा आकडा पन्नाशीच्या आसपास घुटमळतो. मग शहरी मध्यमवर्गाच्या उदासीनतेवर अग्रलेख लिहिले जातात. मतदार घराबाहेर का पडत नाही, हा प्रश्न त्यात विचारला जातो. तो घराबाहेर कशामुळे पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायचे तर महाराष्ट्राबाहेर, कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी वसलेल्या बजबजकडे पाहावे लागेल.

सियालदहहून निघणाऱ्या उपनगरी गाडीचे हे शेवटचे स्थानक. चटकली, म्हणजे तागाच्या गिरण्या, तेल कंपन्यांची साठवण-आगारे आणि या दोहोंभोवती वाढलेली दाट कामगारवस्ती, असे या गावाचे रूप आहे. बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेल्या कामगारांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या येथे राहतात. बजबज ज्या डायमंड हार्बर लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथे २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी मतदान ८० टक्क्यांच्या घरात होते. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्याची सरासरी ६६ टक्क्यांवर गेली असताना कुलाबा मात्र ४५ टक्क्यांच्या आतबाहेर राहिले. शिक्षण, उत्पन्न, वाहतुकीची साधने, माहितीची उपलब्धता या साऱ्याच बाबतींत कुलाबा बजबजच्या पुढे आहे. मतदानाच्या रांगेत मात्र ते मागे आहे. तेव्हा ‘जागृती’चा अभाव हे कमी मतदानाचे कारण मानणाऱ्यांनी आपले गृहीतक एकदा तपासून पाहावे, हे बरे.

मत ही मालमत्ता

पश्चिम बंगालमधील मतदान कित्येक वर्षे ८० टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. २०११ मध्ये डाव्या आघाडीची ३४ वर्षांची सत्ता गेली, तेव्हा ते ८४ टक्के होते; २०१४ आणि २०१९ च्या लोकसभेला सुमारे ८२ टक्के. सत्ता बदलली तरी सवय बदलली नाही. या सवयीचे मूळ राजकीय अभ्यासक द्वैपायन भट्टाचार्य यांनी ‘पार्टी-समाज’ या संकल्पनेतून उलगडले आहे. जेथे जात, देवस्थान वा भावकी यांच्यापेक्षा राजकीय पक्ष हाच नागरिक आणि शासन यांच्यामधला मुख्य दुवा ठरतो, तेथे घरकुलाची यादी, नळाची जोडणी, शेजाऱ्याशी झालेला बांधाचा तंटा या सगळ्यांचा मार्ग पक्षाच्या स्थानिक कचेरीतून जातो. अशा समाजात मत ही गरिबाची खरोखरीची मालमत्ता असते. ती न वापरणे परवडत नाही आणि आपण ती वापरली नाही, हे पाड्यातल्या लोकांच्या नजरेतून सुटतही नाही.

कुलाब्यातल्या रहिवाशाचे व्यवहार याच्या उलट आहेत. त्याची शाळा खासगी, दवाखाना खासगी, सुरक्षारक्षक खासगी. नगरसेवकावाचून त्याचे फारसे अडत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर दक्षिण मुंबईत मेणबत्त्या घेऊन हजारो लोक रस्त्यावर उतरले. संतापाची ती लाट पाहता पुढच्या निवडणुकीत मतदानाचे विक्रम मोडतील, असे भाकीत अनेकांनी केले. प्रत्यक्षात ३० एप्रिल २००९ रोजी मुंबईत मतदान झाले ते ४१ टक्क्यांच्या आसपास. त्या दिवशी गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि त्याला लागून शनिवार-रविवार. राग खरा होता. पण सुटी त्याहून खरी ठरली.

आयोगाने यातून धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. २०२४ ची विधानसभा निवडणूक जाणीवपूर्वक बुधवारी, २० नोव्हेंबरला ठेवण्यात आली. शहरांतील गृहनिर्माण संस्था आणि उंच इमारतींच्या आवारात हजाराहून अधिक मतदान केंद्रे उघडण्यात आली. एका केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणण्याचे धोरणही २०२५ पासून अमलात येऊ लागले. रांग छोटी करणे आणि केंद्र घराजवळ आणणे हे उपाय दिसायला किरकोळ असले तरी त्यांचा उपयोग भाषणांहून अधिक आहे. तरीही जानेवारी २०२६ मध्ये नऊ वर्षांच्या खंडानंतर झालेल्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत मतदान ५३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. सोय करून दिल्याने इच्छा असलेला मतदार येतो. इच्छा नसलेल्याला आणण्यास सोय पुरत नाही.

रांग लांब, निवड आखूड

येथवर वाचून बजबज हा लोकशाहीचा आदर्श आहे, असा समज झाला असल्यास तो दूर करणे आवश्यक आहे. बजबज नगरपालिकेत २० प्रभाग आहेत. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यातील शंभराहून अधिक नगरपालिकांसाठी मतदान व्हायचे होते. त्यापूर्वीच बजबजच्या निम्म्याहून अधिक प्रभागांत तृणमूल काँग्रेसचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. म्हणजे पहिले मत पडण्याआधीच पालिकेची सत्ता ठरली होती. विरोधकांनी दहशतीचा आरोप केला. विरोधकांना उमेदवारच मिळाले नाहीत, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे होते. खरेखोटे काहीही असो, लोकसभेला ८० टक्क्यांनी रांग लावणाऱ्या गावातल्या बहुसंख्य प्रभागांत आपल्या दारच्या गटाराचा कारभारी निवडण्यासाठी रांगच लागली नाही. २०१८ च्या पंचायत निवडणुकीत तर राज्यातील सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्या निवडणुका रद्द करण्यास न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नकार दिला. डायमंड हार्बरमध्ये २०२४ साली विजयी उमेदवाराचे मताधिक्य सात लाखांहून अधिक होते आणि तेथेही विरोधकांनी गैरप्रकारांचे आरोप केले.

मराठी वाचकाने याकडे ‘बंगालचे राजकारण’ म्हणून पाहू नये. बिनविरोध निवडीचे आपल्याकडे कौतुक आहे. अशा ग्रामपंचायतींना वाढीव निधीची आमिषेही लोकप्रतिनिधी जाहीर करतात. या ‘एकोप्या’चा दर काय असतो, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे निष्पन्न झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत ६० हून अधिक नगरसेवक बिनविरोध निवडून आले. सुरतमध्ये २०२४ साली लोकसभेची जागाच मतदानाविना भरली गेली.

मतदान वाढवण्याचा पहिला उपाय मतदाराला मतदान करू देणे हाच आहे, हे वाक्य विनोदी वाटेल. पण ते तसे नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आला. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकून, स्थानिक निवडणुकीत या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले. मात्र एकच उमेदवार उरला की हा पर्यायही मतदारापुढे येत नाही. एकट्या उमेदवारालाही या पर्यायाशी लढावे लागेल, अशी तरतूद झाली तर दडपणाने वा पैशाने अर्ज मागे घ्यायला लावण्यातले आकर्षण पुष्कळ कमी होईल.

टक्केवारी आणि छेद

टक्केवारीला अंशाबरोबर छेदही असतो, याची आठवण २०२५ मध्ये झाली. बिहारमध्ये मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीनंतर ७ कोटी ८९ लाखांची यादी ७ कोटी ४२ लाखांवर आली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान सुमारे ६७ टक्के, म्हणजे त्या राज्यातील विक्रमी झाले. पश्चिम बंगालमध्ये डिसेंबर २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ५८ लाख नावे गळाली. त्यांत मृत होते, दुबार होते, पत्त्यावर न सापडलेले होते आणि फार मोठ्या संख्येने ‘स्थलांतरित’ होते. मृतांची नावे काढल्याने यादी शुद्ध होते, यात वाद नाही. पण कामासाठी परगावी गेलेला जिवंत माणूस दोन्हीकडच्या यादीतून पुसला गेला, तर टक्केवारी वाढते आणि लोकशाही मात्र तेवढ्याने आक्रसते.

बिहारच्या आकड्यांतच याचा दुसरा पुरावा आहे. तेथे स्त्रियांचे मतदान पुरुषांपेक्षा जवळपास नऊ टक्क्यांनी अधिक होते. स्त्रियांची वाढती राजकीय जाणीव हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, पुरुष पंजाबात, सुरतेत, मुंबईत आणि बजबजसारख्या गिरणगावांत होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अंतर्गत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक आहे. ही सारी माणसे मतदानाला मुकतात असे नव्हे. विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियाही त्यांत आहेत. परंतु हंगामी मजुराचा प्रश्न खरा आहे. बीडचा ऊसतोड कामगार हे त्याचे मराठी रूप. २० नोव्हेंबर २०२४ चे मतदान आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकमेकांना भिडले, तेव्हा कोयता आधी की मत आधी, हा प्रश्न हजारो कुटुंबांपुढे उभा राहिला.

बजबजच्या मातीला स्थलांतरिताच्या हक्काचा इतिहास आहे. कॅनडाने परत पाठवलेले ‘कोमागाता मारू’ जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच थांबवण्यात आले आणि उतरलेल्या पंजाबी प्रवाशांवर ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. साम्राज्याचे प्रजाजन असूनही त्यांना तेथे प्रवेश नव्हता आणि येथे मोकळेपणाने फिरण्याची मुभा नव्हती. स्वतंत्र भारतात स्थलांतरिताला फिरण्याचा हक्क मिळाला. त्याचे मत मात्र अजूनही गावच्या चावडीला बांधलेले आहे.

आपल्यापुरता हिशेब

दिल्ली वा कोलकात्यात बदलीवर आलेला मराठी अधिकारी आणि सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेला सोने-चांदीचा गलाई कारागीर, या दोघांच्या हाती पडणारे वर्तमानपत्र हेच असते; म्हणून हा हिशेब स्पष्ट मांडणे इष्ट. परराज्यात नेमणूक असलेला केंद्राचा मुलकी अधिकारी हा ‘सेवा मतदार’ नसतो. ती सवलत सैन्यदलांना, राज्याबाहेर तैनात सशस्त्र पोलिसांना आणि परदेशी नेमणुकीवरील शासकीय कर्मचाऱ्यांना आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव तेथे असावे, जेथे व्यक्ती सामान्यतः राहते. केवळ गावी घर असल्याने तेथील रहिवास सिद्ध होत नाही आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मान्य नाही. तीन वर्षांच्या नेमणुकीवर असणाऱ्याने नमुना ८ भरून नाव हलवावे, हा सरळ मार्ग. मात्र हे काम उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याच्या बरेच आधी उरकावे लागते; त्यानंतर यादीत बदल होत नाही. आपल्यातले अनेक जण साताऱ्याचे नाव सोडवत नाही आणि साताऱ्याला जाणे जमत नाही, अशा अवस्थेत तीन-तीन निवडणुका काढतात.

गलाई कारागिराचे प्रकरण अधिक अवघड आहे. त्याचे घर, शेत, भावकी, सारे गावी. मत तेथेच द्यावेसे वाटणे स्वाभाविक. १९५१ च्या कायद्यातील कलम १३५-ब मतदानासाठी भरपगारी सुटी देते. ती नाकारणाऱ्या मालकाला कमाल दंड आहे पाचशे रुपये! शिवाय कोलकात्याहून आटपाडी गाठून परतायला चार दिवस लागतात आणि सुटी एकाच दिवसाची. मग उमेदवाराच्या गाडीने जाणे आले आणि मतदारांची अशी फुकट वाहतूक याच कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरते. प्रामाणिक मतदाराला कायद्याने रस्ता दिलेला नाही.

असा रस्ता देणे अशक्य नाही. काश्मिरी विस्थापित जम्मू, उधमपूर आणि दिल्लीतील विशेष केंद्रांतून आपल्या मूळ मतदारसंघासाठी मतदान करत आले आहेत. २९ डिसेंबर २०२२ रोजी आयोगाने एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. १६ जानेवारी २०२३ रोजी ते दाखवण्यासाठी पक्षांना बोलावण्यात आले आणि बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली. परराज्यातील केंद्रावर आचारसंहिता कोण लावणार, छोट्या पक्षाने प्रतिनिधी कोठून आणायचा, स्थलांतरित कोणाला म्हणायचे, हे त्यांचे प्रश्न गैरवाजवी नव्हते. पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तरांचा शोध कोणीच घेतला नाही आणि प्रत्यक्ष निवडणुकीत ते यंत्र उतरले नाही. निदान एका जिल्ह्यापुरता प्रयोग, उदाहरणार्थ ऊसतोड कामगारांसाठी राज्यांतर्गत दूरस्थ केंद्रे, करून पाहण्यास काय हरकत होती?

सक्तीचा मार्ग काहींना आकर्षक वाटतो. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे आणि मतदान ९० टक्क्यांच्या आसपास होते. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी तसा कायदा केला. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली. ज्या देशात स्थलांतरित मजुराला मतदानाची सोयच दिलेली नाही, तेथे न येण्याबद्दल दंड करणे म्हणजे त्याला दोनदा लुटणे होय.

तेव्हा बजबजकडून घ्यायचा धडा दुहेरी आहे. मताचा आपल्या जगण्याशी संबंध आहे, हे पटले की माणूस उन्हात उभा राहतो, हा पहिला. उभे राहणाऱ्यांची संख्या म्हणजे लोकशाहीची प्रकृती नव्हे, हा दुसरा. मुंबई-पुण्यात महापालिकेला आणि प्रभाग समित्यांना खरे अधिकार मिळाले, तर तेथील मतदाराला रांगेचे कारण मिळेल. बजबजमध्ये निर्भयपणे अर्ज भरता आला, तर तेथील रांगेला अर्थ मिळेल. आणि या दोहोंच्या मध्ये रेल्वेच्या डब्यात असलेल्या मतदाराला केंद्र मिळाले, तर टक्केवारीसाठी नटांची बोटे दाखवण्याची वेळ येणार नाही.