साखर चिकटते तेव्हा

वडगाव निंबाळकर, करंजे, निंबुत हा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. इथे ऊस तुटला की तो ताजा ताजा सोमेश्वर कारखान्याच्या गव्हाणीत पडावा, यासाठी शेतकऱ्याचा जीव खालीवर होत असतो. वजन घटतं हे तर खरंच, पण आत आणखी काही घडत असतं. तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर, म्हणजे सुक्रोज, फुटते आणि तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत या दोघांना ‘रिड्युसिंग शुगर’ म्हणतात. ती वाढली की साखरेचा उतारा पडतो. गुऱ्हाळावर अशा शिळ्या उसाचा गूळ काळपट उतरतो, चिकट राहतो, ढेप नीट धरत नाही.

तो काळपट रंग येतो कुठून? बराचसा या दोन साखरांमुळे. रसातल्या अमिनो आम्लांना त्या जाऊन चिकटतात आणि काहिलीच्या उष्णतेत त्यातून तपकिरी द्रव्यं तयार होतात. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही प्रक्रिया मांडली. भाकरीवरचे खरपूस डाग तिचेच. अखंड सुक्रोजला हे जमत नाही, आधी तिला फुटावं लागतं.

हीच प्रक्रिया आपल्या अंगात 37 अंशांवर, चुलवणाशिवाय, जन्मभर चालू असते. तिचं नाव ग्लायकेशन. रक्तातलं ग्लुकोज प्रथिनाला आपसूक चिकटतं. कुठलंही एन्झाइम ते चिकटवत नाही, शरीराला त्याची गरजही नसते. म्हणून ग्लायकोसिलेशन या जुळ्या वाटणाऱ्या शब्दापासून हा शब्द वेगळा ठेवायला हवा. ते काम पेशी स्वतः, एन्झाइमच्या मदतीने, जिथे हवं तिथेच करते. तरी अनेक रिपोर्टांवर आजही ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’ छापलेलं दिसतं. बरोबर शब्द ‘ग्लायकेटेड’.

साखर आणि प्रथिनाचा पहिला सांधा सैल असतो, सुटू शकतो. मग अणूंची जुळणी बदलते आणि तो घट्ट होतो. पुढे महिने-वर्षं गेली की त्यातून ‘एजीई’ नावाची पिवळसर-तपकिरी, शेजारच्या प्रथिनांना एकमेकांत अडकवणारी संयुगं बनतात. म्हातारपणाशी ग्लायकेशनचा संबंध जोडला जातो तो इथे. जी प्रथिनं लवकर बदलली जातात त्यांचं फारसं बिघडत नाही. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं मात्र जन्मभर तीच राहतात. कूर्चेतलं कोलॅजेनही जवळपास तसंच. तिथे साठत साठत भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदूला हातभार लागतो, धमन्या आणि सांधे ताठरतात. वय वाढण्याची कारणं अनेक आहेत, हे त्यातलं एक. पण मधुमेहात हेच घड्याळ पुढे पळतं. प्रथिनांमधले असे बनलेले दुवे तोडण्यासाठी ॲलाजेब्रियम नावाच्या औषधाच्या चाचण्या झाल्या, पण ते बाजारापर्यंत पोचलं नाही. तेव्हा ग्लायकेशन उलटवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या क्रीमवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हातात आहे ते रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं. तिथे गुळाला सूट नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं आणि आतड्यात ते फुटतंच.

गावात ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती एचबीएवनसी चाचणी ग्लायकेशनच मोजते, त्याचा सुरुवातीचा टप्पा. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात हिमोग्लोबिनच्या किती रेणूंना साखर चिकटली, त्याची ही टक्केवारी. म्हणून आदल्या रात्री उपाशी राहून आकडा बदलत नाही. साडेसहा किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. सात टक्के म्हणजे सरासरी साखर 154च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आसपास.

पण हा हिशेब पेशी 120 दिवस जगते या गृहीतावर उभा आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच डळमळतं. अंगात लोह कमी असलं की साखर न वाढताही हा आकडा वर सरकू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तरुणांवरच्या अभ्यासात हे दाखवलं. ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीपेक्षा एचबीएवनसीने कितीतरी जास्त तरुण ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर’ ठरत होते आणि त्यामागे काही अंशी रक्तक्षय, लोहाची कमतरता होती. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ऊसतोडीच्या कोपीवरच्या बाईच्या हातात असा रिपोर्ट देऊन नुसतं ‘शुगर आलीय’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिचं हिमोग्लोबिन किती, हे आधी पाहायला हवं. उलट विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्यांच्या पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, किंवा फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करावी. तीही ग्लायकेशनच मोजते, पण हिमोग्लोबिनचं नव्हे. ती रक्तद्रवातल्या प्रथिनांचं, मुख्यतः अल्ब्युमिनचं ग्लायकेशन मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगते.