हॉस्टेलच्या खोलीपर्यंतचे नेट

विद्यापीठाचे संगणक केंद्र ही इंटरनेटच्या बरीच आधीची संस्था. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. त्या काळी संगणक केंद्र म्हणजे एक यंत्र, त्याच्यासाठी थंड ठेवलेली खोली आणि संशोधकांना वाटून दिलेले यंत्राचे तास, एवढाच कारभार असे. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यायचा आणि उत्तराचा कागद नंतर येऊन न्यायचा. आज त्याच केंद्राकडे हजारो विद्यार्थ्यांच्या खोल्यांतले नेट, वाय-फाय, ईमेल, लॉगिन आणि कसली कसली पोर्टले आली आहेत. वेळापत्रक मात्र बहुतेक ठिकाणी कचेरीचेच राहिले. संध्याकाळी साडेपाचला केंद्राला कुलूप लागते आणि हॉस्टेलमधला वापर रात्री नऊनंतर खरा वाढतो. विद्यार्थ्यांच्या निम्म्याअधिक वैतागाचे मूळ या दोन घड्याळांत आहे.

देशातले शैक्षणिक जाळे सुरू झाले ते १९८६ साली, अर्नेट या प्रकल्पातून. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी त्याला पैसा पुरवला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची संस्था आणि खुद्द तो विभाग असे आठ भागीदार होते. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनला मोडेम लावून ईमेल जाऊ लागली. १९८९ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेला जोडणारी भाड्याची लाइन मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाइलवरचा तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनीवरून जायला सुमारे पाऊण तास लागला असता. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, तोवर या मोजक्या संस्थांतले लोक त्याला सरावले होते.

पुढे मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नॅशनल नॉलेज नेटवर्कसाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले आणि मोठ्या संस्थांपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट किंवा त्याहून जास्त वेगाच्या लाइनी जाऊ लागल्या. अशा संस्थांत तरी फाटकापर्यंत नेट भरपूर येते. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ‘आमच्याकडे गिगाबिट आहे’ हे उत्तर खरे असले तरी कामाचे नाही. अडते ते फाटकाच्या आत.

केंद्रातून प्रत्येक इमारतीत फायबर जाते. तिथे जिन्याखालच्या लोखंडी कपाटात एक स्विच असतो आणि त्याच्यातून खोल्याखोल्यांत तांब्याच्या केबली जातात. अशी केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, हे मानकच आहे. लांबलचक इमारतीच्या टोकाच्या खोल्यांना केबल ओढताना कंत्राटदाराने ही मर्यादा ओलांडली असेल, तर त्या खोल्यांतले नेट चालते आणि मधूनच तुटते. असा दोष शोधायला सर्वांत कठीण. कपाटातल्या स्विचला यूपीएस नसेल, किंवा असून त्याची बॅटरी मेलेली असेल, तर वीज जाताच अख्खी विंग बंद पडते. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू असतो, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की फक्त नेटच गेले.

वाय-फायची कथा वेगळी. जुन्या वसतिगृहांच्या भिंती जाड आणि अॅक्सेस पॉइंट बसवलेले कॉरिडॉरमध्ये. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ असते, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती असते आणि कॅम्पसच्या नेटला कंटाळून विद्यार्थ्यांनी सुरू केलेले मोबाइल हॉटस्पॉटही असतात. म्हणजे वैतागावर काढलेला तोडगा शेजाऱ्याचा वैताग वाढवतो. फोनवरच्या दांड्या पूर्ण दिसूनही काही उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. दांड्या एवढेच सांगतात की फोनला अॅक्सेस पॉइंट ऐकू येतो. अॅक्सेस पॉइंटला फोन ऐकू येतो का, आणि त्याच्यावर आणखी कितीजण लटकलेले आहेत, हे त्या सांगत नाहीत.

वेगापेक्षा जास्त त्रास होतो तो पत्त्यांमुळे. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला डीएचसीपी नावाची सेवा तात्पुरता आयपी पत्ता देते. व्याख्यानगृहासाठी नेहमीच्या आकाराचा एक गट राखला असेल तर त्यात वापरता येण्याजोगे पत्ते २५४. दोनशे विद्यार्थी, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे उपकरणे चारशे. त्यात पत्त्याची मुदत चोवीस तासांची ठेवली असेल तर सकाळच्या तुकडीने घेतलेले पत्ते ती तुकडी निघून गेल्यावरही अडकून राहतात आणि दुपारच्या तुकडीला काहीच मिळत नाही. बाहेरून हे ‘वाय-फाय कनेक्ट होत नाही’ असे दिसते. मुदत तासाभरावर आणली आणि गट मोठा केला की प्रश्न मिटतो. नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

याहून नाठाळ प्रकार हॉस्टेलमध्ये घडतो. कुणीतरी खोलीत वाय-फाय हवे म्हणून बाजारातला साधा राउटर आणतो आणि भिंतीतली केबल त्याच्या ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात खोचतो. त्या राउटरमध्येही डीएचसीपी असते. आता मजल्यावर पत्ते वाटणारे दोघे झाले: एक केंद्राचा आणि एक हा. ज्याचे उत्तर आधी पोचते त्याचा पत्ता लॅपटॉप घेतो, आणि जवळच्याचे उत्तर बहुधा आधी पोचते. मजल्यावरच्या दहा-पंधरा खोल्यांना १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते मिळतात, त्यांचे नेट बंद पडते आणि ज्याने राउटर लावला त्याचेही चालत नाही. तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी अकराला येतो, तोवर मंडळी वर्गात आणि राउटर बंद. सगळे सुरळीत दिसते, तक्रार बंद होते, रात्री पुन्हा तेच. बहुतेक चांगल्या स्विचमध्ये असे परके उत्तर अडवण्याची सोय असते. ती कुणीतरी सुरू करावी लागते, इतकेच.

मग येते लॉगिन. बहुतेक कॅम्पसांत ब्राउझर उघडला की आधी केंद्राचे पान येते, नाव आणि पासवर्ड विचारते. ही युक्ती बहुतांश वेबसाइट साध्या एचटीटीपीवर होत्या त्या काळातली. एचटीटीपीएस आल्यापासून मध्येच आपले पान घुसवणारी पेटी ब्राउझरला चोरासारखी दिसते आणि तो लाल इशारा देतो. विद्यार्थ्यांना मग सांगितले जाते की इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा, किंवा केंद्राचे प्रमाणपत्र फोनमध्ये टाका. सुरक्षिततेवर व्याख्याने ठेवणाऱ्या संस्थेने ही सवय लावावी, हे विचित्रच. अहमदाबादच्या कंपनीचे सायबरोम हे फायरवॉल देशभरच्या महाविद्यालयांत एके काळी इतके पसरले होते की विद्यार्थी लॉगिनच्या पानालाच सायबरोम म्हणत. २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाच्या संशोधकांनी दाखवून दिले की या पेट्यांमध्ये एकच समाईक प्रमाणपत्र आहे, म्हणजे एका पेटीवर विश्वास ठेवणारा सगळ्यांवर ठेवत होता. कंपनीने नंतर ते दुरुस्त केले.

उपकरणांच्या मर्यादेचेही असेच. ‘एका विद्यार्थ्याला दोन उपकरणे’ हा नियम उपकरणाच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकावर, चालतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन गोपनीयतेसाठी खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता पुढे करतात. सेटिंग बदलले किंवा फोन रीसेट केला की नवा पत्ता तयार होतो, नोंदवहीत तिसरे उपकरण दिसते आणि आयडी ब्लॉक होतो. विद्यार्थ्याने काहीच केलेले नसते आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘पासवर्ड कुणाला दिला होता?’

एड्युरोम ही युरोपात सुरू झालेली आणि भारतात अर्नेटमार्फत चालणारी सेवा यातली पुष्कळ कटकट टाळते. पुण्याच्या विद्यार्थ्याने ती एकदा नीट जोडली की दुसऱ्या सदस्य विद्यापीठात फोन आपोआप जोडला जातो, कारण ओळख पटवण्याचे काम त्याच्या मूळ संस्थेचा सर्व्हर करतो. अडचण ‘एकदा नीट’ या दोन शब्दांत आहे. २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ मधून, पिक्सेल फोनांपासून सुरुवात करून, प्रमाणपत्र न तपासता जोडण्याचा पर्याय काढून टाकला गेला. अनेक केंद्रांच्या सूचनापत्रकात नेमका तोच पर्याय निवडायला सांगितलेले होते. नव्या फोनवर तो सापडेना आणि पत्रक तसेच राहिले.

तांत्रिक अडथळ्यांवर नियमांचे थर चढतात. मुंबईच्या आयआयटीने मार्च २००७ मध्ये वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरा ते दुपारी साडेबारा बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मुले रात्रभर नेटवर असतात, सकाळच्या तासांना येत नाहीत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, ही त्यामागची चिंता होती. चिंता खोटी नव्हती, पण केंद्राला रेक्टरचे काम करायला लावले की जाळ्याच्या प्रत्येक बिघाडात विद्यार्थ्याला हेतू दिसू लागतो. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रोज ठरलेल्या वेळी मोबाइल जमा करावा लागे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात मोडतो असा निकाल दिला आणि नियम मोडल्याबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावले. हा निर्णय मुलींच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण रात्री प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात जाण्याची मुभा त्यांना सहसा नसते. खोलीतले नेट गेले की त्यांचा अभ्यासाचा दुसरा मार्गच उरत नाही.

लॉग ठेवण्याची सक्ती मात्र संस्थेच्या मर्जीची नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. प्रत्येकाचे वेगळे लॉगिन मागण्यामागे हेही कारण आहे. ते विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही.

नेटपलीकडच्या सेवांत एक बदल फार बोचला. गुगलने शिक्षणसंस्थांना फुकट दिलेली अमर्याद साठवण बंद करून २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. वीस हजार खाती असतील तर वाट्याला पाच जीबी येतात. केंद्रांनी मर्यादा लादल्या, पदवी घेऊन गेलेल्यांची खाती मिटवायला घेतली आणि प्रबंधाचा डेटा त्याच ड्राइव्हवर ठेवलेल्यांची धावपळ झाली. निकालाच्या यंत्रणेत काय होऊ शकते हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिले: पुरेशा तयारीविना सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला गेला, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी प्रवेश घेणारे अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना राज्यपालांनी पदावरून दूर केले. त्या गोंधळात विद्यार्थ्यांच्या हाती होते ते ‘निकाल राखीव’ म्हणणारे एक वेबपान.

मदतकक्षाची रीत सर्वत्र सारखीच. तक्रार पोर्टलवर नोंदवायची, पोर्टल लॉगिनमागे, लॉगिन चालत नाही म्हणून तर तक्रार. ती शेजाऱ्याच्या फोनवरून नोंदवली की तिकीट क्रमांक मिळतो. तंत्रज्ञ बहुधा कंत्राटी असतो, त्याला स्विच उघडून पाहण्याचा अधिकार नसतो. तो केबल बदलतो, पिंग करून दाखवतो आणि तिकीट ‘निकाली’ होते. विद्यार्थी खोलीत नसेल तर ‘खोली बंद’ असा शेरा मारूनही ते निकाली निघते. किती तिकिटे किती तासांत मिटली यावर कंत्राटाचे पैसे ठरत असतील, तर कारण शोधण्यात वेळ घालवणारा तंत्रज्ञ तोट्यातच जातो.

तरी तक्रार नीट लिहिली तर ती वरच्या टेबलापर्यंत जाण्याची शक्यता वाढते. ‘नेट चालत नाही’ याऐवजी वेळ, खोली, भिंतीवरच्या पोर्टचा क्रमांक, केबल की वाय-फाय, शेजारच्या किती खोल्यांत तसेच आहे आणि लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता लिहावा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेले नाही. कॅम्पसचे पत्ते १० ने सुरू होत असताना १९२.१६८ दिसला, तर मजल्यावर कुणाचा तरी राउटर उलटा लागला आहे. एवढे लिहिलेली तक्रार केबल बदलून निकाली काढता येत नाही.