केकमुळे सुचलेली काच आणि चोवीस नंबरचा जॉइंट

ऊर्ध्वपातनाची मांडणी नेहमी खालून वर चढते. आधी बर्नर, त्यावर तिवई नि जाळी, मग क्लॅम्पमध्ये धरलेला गोल बुडाचा चंबू, आणि सगळ्यात शेवटी कंडेन्सर. चंबू आधी कसला आणि बर्नर खाली मावेना, तर सगळं सोडून पुन्हा उभारा!

चंबूचं बूड गोल का? कोपराच नसल्यामुळे ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. म्हणून हवा काढून घेऊन ऊर्ध्वपातन करायचं असेल तर सपाट बुडाच्या शंकूपात्राला हातही लावायचा नाही. ते आत चेपून फुटू शकतं. टायट्रेशनला मात्र एमिल अर्लेनमायर यांचं हेच शंकूपात्र हवं. गळ्याशी निमुळतं असल्याने कितीही गरगर फिरवा, थेंब बाहेर उडत नाही.

आता काचेचे भाग एकमेकांत बसवणारे जॉइंट. बी-१४, बी-१९, बी-२४ हे आकडे म्हणजे जॉइंटच्या रुंद टोकाचा साधारण व्यास, मिलिमीटरमध्ये. दर १० मिमी लांबीला व्यास बरोबर १ मिमीने घटतो. हा उतार जगभर एकच ठरलेला असल्याने जर्मनीतला कंडेन्सर पुण्यातल्या चंबूवर अलगद बसतो. मला तर हा प्रयोगशाळेतला सगळ्यात सुंदर करार वाटतो. जॉइंट धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांचे रंगही ठरलेले: १४ ला पिवळी, १९ ला निळी, २४ ला हिरवी.

कंडेन्सरला रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचं नाव मिळालं, पण वायगल या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी तसा कंडेन्सर १७७१ मध्येच मांडला होता. पाणी खालच्या तोंडाने आत, वरच्या तोंडाने बाहेर. उलटं जोडलं की बाहेरची नळी पूर्ण भरत नाही आणि वाफ नीट थंड होत नाही.

खरी कसोटी थर्मामीटरची. त्याचा फुगा कंडेन्सरकडे वळणाऱ्या फाट्याच्या किंचित खाली हवा. जरा वर राहिला तर वाफ त्याला न गाठताच वळते आणि उत्कलनबिंदू कमी दिसतो. उत्तर चुकतं ते रसायनामुळे नाही, दोनतीन सेंटिमीटरमुळे.

उकळी शांत यावी म्हणून पोर्सेलीनचे खडे आधीच टाकायचे. तापलेल्या द्रवात टाकले तर सगळा द्रव उसळून बाहेर. आणि मांडणीला हवेची वाट कुठेतरी मोकळी हवीच. पूर्ण बंद भांडं तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

एवढा ताप सोसते ती बोरोसिलिकेट काच. साध्या काचेच्या मानाने ती जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. अमेरिकेत १९१३ मध्ये कॉर्निंग कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी अशाच उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, बॅटरीसाठीच्या कापलेल्या बरणीत केक भाजला, तो छान झाला, आणि १९१५ मध्ये पायरेक्स नावाची काचेची भांडी बाजारात आली. आपल्या शाळा-कॉलेजांतली चंचुपात्रं ज्या बोरोसिल कंपनीची असतात, तिची मुंबईतली सुरुवातही कॉर्निंगच्याच सहकार्याने झाली.

काम संपलं की बर्नर बंद करून काच कोमट असतानाच जॉइंट सोडवावेत. सोडियम हायड्रॉक्साइडचा संबंध आला असेल तर लगेच धुवावेत, कारण ते काचेलाच खातं आणि जॉइंट चिकटून बसतो. चिकटलाच, तर फक्त बाहेरचा भाग गरम हवेने तापवावा. तो आतल्या भागाआधी फुगतो आणि हलक्या पिळ्याने सुटतो.