हवेच्या कटिंग मशीनची निगा : आधी पाणी काढा, मग पाते पाहा

कापड कापण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी गोल पात्याची मशीन आम्ही घेतली, ती सोयीसाठी. हातात हलकी, आणि कापडात अडकली तरी विजेच्या मोटरीसारखी जळत नाही. परंतु तिची निगा आम्ही नुकसान सोसूनच शिकलो.

एका पावसाळ्यात मशीन मंदावली. चार थरांवरच अडू लागली. आम्ही पाते बदलले, मग दुसरेही बदलले. फरक शून्य. ऑर्डर चार दिवस रखडली आणि नगावर मजुरी घेणारे कारागीर हात बांधून बसले. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने मशीन उघडली व म्हणाला, "सेठ, खोट पात्यात नाही. तुमच्या हवेत पाणी आहे." मोटरला आतून गंज धरला होता आणि तिच्या पट्ट्या खाचेत चिकटल्या होत्या.

कारण साधे आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. टाकीत थंड झाली की तिच्यातील ओलाव्याचे पाणी होते. भिवंडी-मुंबईच्या पावसाळी हवेत ते अधिकच साचते. टाकी रिकामी केली नाही, तर तेच पाणी नळीतून मोटरीत जाते.

तेव्हापासून आमचा रिवाज असा आहे. रोज काम संपल्यावर टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचे. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसले तर तेही सोडायचे. दाब मशीनवर लिहिला असेल तेवढाच ठेवायचा. जास्त दाबाने काम थोडे वेगाने होते, पण मोटर लवकर झिजते.

तेल हवेच्या मशीनसाठी मिळते तेच पातळ तेल वापरावे. गाडीचे जाड तेल घातल्यास पट्ट्या चिकटतात. सकाळी हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब पुरेत. तेल कमी पडले तर मोटर झिजते, आणि जास्त झाले तर बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर त्याचे डाग पांढऱ्या कापडावर उडतात. म्हणून तेल दिल्यावर आधी चिंधीवर मशीन चालवून पाहावी.

पात्याभोवतीची रुई ब्रशने काढावी. पॉलिएस्टर कापताना पाते तापून कापड वितळते व त्याचा थर पात्याला बसतो. तो कापडाने पुसावा. पाते बोथट होऊ देऊ नये, वेळच्या वेळी धार लावावी.

एक गोष्ट मात्र कारागीर बंधूंनी कधीही विसरू नये. पात्याला हात लावण्यापूर्वी हवा बंद करावी, नळी काढावी आणि खटका दाबून आतला उरलेला दाब सोडावा. नळीत राहिलेली थोडी हवाही पाते फिरवू शकते. हवेच्या झोताने अंगावरील कपडे झाडण्याची सवयही सोडावी. रुईचा कण डोळ्यात गेला तर पस्तावा होतो.

या साऱ्याला रोज दहा मिनिटे लागतात. ती आम्ही वाचवली, आणि चार दिवसांची मजुरी कारागिरांनी गमावली.